ओर्मीची जॉर्जेट

नन्ना, तुझ्या थडग्याच्या दगडावर काय लिहायचं, ते ठरवायचं काम माझ्याकडे आलंय. हसू नकोस. बायकोने कोथिंबीर आणायला पाठवलं की जो दर वेळी पार्सली घेऊन घरी येतो, त्या माणसावर तुझ्या लेकीने, डोरिसने, हा भार टाकलाय.

झालं असं. तुला माती देऊन आम्ही सगळे डोरिसच्या घरी गेलो. ती स्वयंपाकघरात ओव्हनमधून पस्तिझींचे ट्रे काढत होती आणि मी मदतीच्या नावाखाली एकेक गिळत होतो. तुमची ती चीज भरलेली करंजी पोटात असली की दुःखाला जरा टेकायला जागा मिळते.

"डॅडच्या नावाखाली 'ओर्मी, माल्टा' लिहिलंय," डोरिस म्हणाली. "शेजारची अर्धी बाजू मम्ची. रे म्हणतो, तिथे 'ॲलेक्झांड्रिया, इजिप्त' लिहू. मी म्हणते, तिथेही ओर्मीच. आम्हा भावाबहिणीचं भांडण काही मिटत नाहीये. सेल्मू, तू सांग."

"थांब. ॲलेक्झांड्रिया कुणाचं?"

"मम्चं. जन्म तिकडचा ना तिचा."

"काहीतरीच काय! नन्ना ओर्मीची."

डोरिसने हातातला जाड मोजा काढून ओट्यावर ठेवला. "तुला माहीत नव्हतं? मम्ने माल्टा कधी पाहिलंच नाही. एकदासुद्धा पाय ठेवला नाही तिथे."

त्या क्षणी माझ्या तोंडात आतून उकळतं चीज होतं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. डोरिसने मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. नन्ना, निम्मं पाणी चीजचं होतं. निम्मं तुझं.

मग तिने सांगितलं ते सगळं साधंच होतं. घरात सगळ्यांना माहीत, म्हणून कुणी कधी बोललं नाही. तुझे आजोबा-पणजोबा माल्टाहून इजिप्तला गेले ते तिथलेच झाले. तू तरुण असताना तिथून परक्यांना निघावं लागलं. आईवडिलांबरोबर एक ट्रंक घेऊन तू मेलबर्नला उतरलीस. इथे चर्चच्या हॉलमधल्या नाचाला तुला जुझे भेटला. तो ओर्मीचा. त्याच्या बहिणींना तिकडे ते पसंत पडलं नाही. आमच्या भावाने ती इजिप्तवाली केली, असं त्या शेवटपर्यंत म्हणत राहिल्या.

"तूच विचार कर," डोरिस म्हणाली. "महिन्याच्या मिस्सेला चर्चमध्ये भेटू, तेव्हा मला सांग. मम् सगळ्यात जास्त बडबड तुझ्याशीच करायची."

म्हणून ही बडबड. या वेळी एकट्याची.

तुझ्या दारात मी पहिल्यांदा उभा राहिलो ते दिवस आठव. आमच्याकडची मुलं तेव्हा विमानं भरभरून मेलबर्नला उतरत होती. निम्मी केस कापायला शिकायला, निम्मी कांदा कापायला. वसईच्या एजंटने मला बघितलं, माझे बी.कॉम.चे मार्क बघितले, आणि म्हणाला, "कुकरी घे. पीआर पक्की, कायमचं राहायला मिळेल." घरी मला पप्पांनी कधी गॅस पेटवू दिला नव्हता, कारण एकदा पेटवला होता. तरी मी शेफ व्हायला निघालो. सेंट ऑल्बन्सच्या दुकानाच्या काचेवर खोली भाड्याने असल्याची चिठ्ठी वाचून तुझ्याकडे आलो. तू दार उघडलंस, माझ्या बॅगेकडे बघितलंस आणि म्हणालीस, "मेला!"

माझी आजी रागावली की हेच म्हणायची. मला वाटलं, वा, घरच्यासारखं स्वागत. तुमच्या भाषेत त्याचा अर्थ "हं, बरं तर" असा होतो, हे कळायला मला पुढचा आठवडा लागला. तोवर तू मला दिवसातून पन्नासदा शिव्या घालतेयस अशी समजूत करून घेऊन मी भांडी घासत होतो.

"नाव?"

"ॲन्सेल्म."

"सेल्मू! मेला, आत ये. जोडे बाहेर."

बाकीची मुलं, तो सुरतचा, तो हैदराबादचा, ते दोघे जालंधरचे, तुझ्या नातवंडांसारखी तुला नन्ना, म्हणजे आजी, म्हणायची. मीही म्हणायला लागलो. फरक एवढाच, की रविवारी मिस्सेला तू मला ओढून न्यायचीस आणि ते चौघे झोपायचे. ख्रिस्ती असल्याचा एवढा तोटा मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

आणि ओर्मी. लिहिताना पुढे क्यू, म्हणताना तो घशातल्या घशात गिळायचा. ते शिकवताना तू मला इतकं खोकायला लावलंस की शेजारची बाई औषध घेऊन आली होती. बाकल्याच्या शेंगा सोलताना, मॅकरोनी ओव्हनमध्ये घालताना, इस्त्री करताना तुझं ओर्मीच चालू असायचं. "देवळाकडे पाठ करून उभा राहा, सेल्मू. डावीकडची गल्ली सोड, तिच्यात नुसता वारा. उजवीकडची धर. कोपऱ्यावर भिंतीतल्या कोनाड्यात मरियामाता आहे, तिचं नाक तुटकं. तिला नमस्कार कर, वळ. पुढे हिरव्या लाकडी सज्जाचं घर. त्याच्या पुढे पाववाल्याची भट्टी."

रविवारी सगळी गल्ली आपापली बटाट्या-मटणाची परात त्या भट्टीवर नेऊन देते, मिस्सा संपली की ज्याची त्याची परात ज्याच्या त्याच्या घरी, हे तू इतक्यांदा सांगितलंस की मला त्या परातींचे वाससुद्धा वेगवेगळे ओळखू यायला लागले. मी बदल्यात वसई सांगायचो. आमची केळीची वाडी, आमचं बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, सणाला तळलेले पिठाचे फुगे. आपण दोघं एकमेकांना गावं वाढत होतो, पोट भरेपर्यंत.

ओर्मीत दोन धर्मग्राम, म्हणजे दोन चर्चचे दोन विभाग, एक सेंट जॉर्जचा, दुसरा सेंट सेबास्टियनचा, आणि त्यांच्यातून विस्तव जात नाही, हेही तूच शिकवलंस. समोरचा चार्ली सेबास्टियनच्या बाजूचा. बागेला पाणी घालता घालता कुंपणावरून तुमचं चालायचं.

"आमचा जॉर्ज घोड्यावर बसलाय!" तू ओरडायचीस. "तुमचा बिचारा झाडाला बांधलाय!"

"घोडा होता म्हणून तर पळून ऑस्ट्रेलियात आलात!" चार्ली पाइप तुझ्याकडे रोखायचा.

मला ते फार आवडायचं. आमच्या गावात आणि शेजारच्या गावात सणाच्या बँडवरून अगदी असंच चालतं. मला वाटायचं, ही बाई त्या गल्लीत वाढली, तिच्या रक्तातच जॉर्ज आहे. आता कळतं, तो तुझ्यात नवऱ्याच्या बाजूने आला होता, सासरच्या आडनावासारखा. आणि सासरच्यांनी तर तुला घरात घेतलंच नव्हतं.

मागे वळून बघितलं तर मी किती ठोंब्या होतो, नन्ना! ओर्मी म्हणजे पाववाल्यांचं गाव. आणि तुझा पाव? तुझा पाव टेबलावर ठेवला की टेबल दचकायचं. सुरतवाला त्याला दाराला अडकण म्हणून लावायचा. मी एकदा विचारलं, "पाववाल्यांच्या गावची ना तू?" तू म्हणालीस, "मूर्खा, शेजारी भट्टी असताना घरी पाव कोण भाजेल?" मी म्हटलं, बरोबर आहे. सनशाइनच्या बाजारातल्या इजिप्तच्या भाजीवाल्याशी तू तासभर त्याच्या भाषेत बोलायचीस, दोघं हसायचात, मध्येच दोघं डोळे पुसायचात. मी म्हटलं, माल्टाची भाषा अरबीसारखी आहे, आणि कांदेही महाग झालेत. बाकी मला काही सुचलं नाही. पेपरात "भारतीय विद्यार्थी" म्हणून आमच्या हुशारीचं कौतुक छापून यायचं, ते वाचून मी मान डोलवायचो.

आमच्यावर वाईट दिवस आले तेव्हाही तूच. आमच्या भारतीय मुलांना ट्रेनमध्ये, स्टेशनवर मारहाण व्हायला लागली होती. हिवाळ्यात पाच वाजताच अंधारून यायचं. मी शिफ्टवरून उतरलो की तू स्टेशनच्या पायऱ्यांपाशी उभी. ॲप्रनसकट, खांद्याला पर्स. त्या पर्सेत लाटणं असायचं.

"नन्ना, तू कशाला आलीस?"

"तुझ्यासाठी नाही. पाय मोकळे करायला."

"आणि लाटणं?"

"तेही घरात बसून कंटाळलं होतं."

मग सरकारने नियम बदलला आणि आमची कुकरी रद्दी झाली. मी तुझ्या टेबलाशी डोकं धरून बसलो होतो. पप्पांनी वाडीचा एक तुकडा विकला होता माझ्यासाठी. तू समोर मॅकरोनी ठेवलीस आणि म्हणालीस, "निघावं लागलं तर निघ. मीही एक ट्रंक घेऊन निघाले होते. माणूस पोचतो कुठेतरी. आधी खा." मी खाल्लं. कुठून निघाली होतीस, ते विचारायचं सुचलं नाही. पुन्हा शिकलो, अकाउंट्सचं, जे बी.कॉम.वाल्याने आधीच करायला हवं होतं. आता टार्निटला माझं घर आहे, दोन मुलं आहेत, आणि स्वयंपाकाचा डिप्लोमा फ्रेम करून गॅरेजमध्ये लावलाय. बायको, जेसिंता, म्हणते, स्वयंपाकघरात लावला तर अन्न खराब होईल.

आपलं खरं भांडण त्यानंतर सुरू झालं. माझ्या हातात चार पैसे आले आणि मला तुझे उपकार फेडायची घाई झाली.

"नन्ना, चल ओर्मीला. तिकीट मी काढतो."

"टोमॅटोला पाणी कोण घालणार?"

"डोरिस घालेल."

"डोरिसने एकदा पाणी घातलं होतं. टोमॅटोंनी जीव दिला."

दुसऱ्या वर्षी गुडघे. मग विमानातला पास्ता. मग म्हणे यंदा जॉर्जचा सण होऊन गेला, आता जाऊन काय करायचं. नन्नाचा नन्नाचा पाढा! एकदा मी चिडलोच. "इतकी माया आहे तर जात का नाहीस? घाबरतेस कसली?"

"सेल्मू," तू म्हणालीस, "कांदा बघ, करपतोय."

गॅसवर कांदा नव्हताच. मी मात्र उठून बघून आलो.

आता वाटतं, तू खरंच घाबरत होतीस. तिकडे गेलीस तर जुझेच्या गल्लीतल्या कुणीतरी दार उघडून म्हटलं असतं, ही कोण? आणि मग इथलं स्वयंपाकघरातलं ओर्मीही हातचं गेलं असतं. इजिप्तमध्ये तू माल्टावाली होतीस, ओर्मीत इजिप्तवाली, इथे नवीन असताना लोक काय काय म्हणायचे ते तू मला सांगितलं नाहीस, पण मी इथेच राहतो, मला कल्पना आहे. एका माणसाने तुला एक गाव दिलं होतं. तेवढं तू जपत होतीस.

गेल्या सुट्टीत इंडियाला जाताना आम्ही वाकडी वाट करून माल्टाला गेलो. तुझे डोळे तोवर पार गेले होते. निघताना तू एवढंच म्हणालीस, "उजवीकडची गल्ली." बसमधून ओर्मी कधी आलं ते कळलंच नाही. टार्निटमधून गाडी हाणताना ट्रुगॅनीना कधी लागतं ते कळतं का? तसंच. एका गावाला दुसरं चिकटलेलं, टायरची दुकानं, गाड्यांचे शोरूम, बांधकामाच्या क्रेन, ट्रॅफिक. आरोन म्हणाला, "डॅड, वी फ्लू फॉर दिस?" पण देवळाकडे पाठ केली, आणि नन्ना, सगळं एकेक समोर येत गेलं. वाऱ्याची गल्ली, तिच्यात खरंच वारा. मरियामाता. सज्जा, रंग उडालेला, पण हिरवा. मी पुढे आणि तिघं मागे.

"आपल्या घरचा विजेचा मीटर कुठे आहे ते तुला माहीत नाही," जेसिंता म्हणाली, "आणि इथले कोपरे पाठ?"

परत आल्यावर मी धावत तुझ्याकडे आलो. तू खुर्चीत होतीस. मी बसायच्या आधी तू माझी बाही पकडलीस.

"मरियामातेचं नाक?"

"तुटकंच आहे."

तू टेबलावर थाप मारलीस, जुझेचा फोटो ज्या भिंतीवर आहे तिकडे तोंड केलंस आणि ओरडलीस, "म्हातारा खोटं बोलत नव्हता तर!" मला वाटलं, त्या नाकावरून तुमची जुनी पैज असेल. मी हसलो. मग तू विचारत सुटलीस. गल्ली केवढी रुंद? दोन बायका बाजूबाजूने चालू शकतात? दगडाचा रंग कसला, मधासारखा की वाळूसारखा? दुपारी ऊन कुठल्या भिंतीवर असतं? मला वाटलं, म्हातारपण, बिचारी विसरायला लागली. तुझा धीर वाढावा म्हणून मी म्हणालो, "आता तुला मी काय सांगणार? तू तिथलीच. सगळं तू म्हणालीस तसंच आहे."

तू बाही सोडलीस. "हो," म्हणालीस. "तेही खरंच."

नन्ना, तू गाव पहिल्यांदा बघत होतीस, आणि मी खिडकी लावून घेतली. नंतर तू विचारलं नाहीस. मीही सांगितलं नाही. मग हॉस्पिटल, आणि मग ते सगळं घाईघाईत.

परवा आमच्या रियाच्या मैत्रिणी घरी आल्या होत्या. मी लॅपटॉपवर कामाचं नाटक करत बसलो होतो. रिया त्यांना सांगत होती, "इन अवर प्लेस इन वसई, देअर्स दिस बावखल, लाइक अ पाँड, अँड डॅड फेल इन विथ हिज बाइक, अँड द डक्स वुडन्ट लेट हिम आउट." बावखल तिच्या जन्माआधीच बुजवलं. आता तिथे इमारत आहे. बदकं तर मीच कधीतरी गोष्टीत रंगासाठी घातली होती. पण ती सांगत होती तेव्हा तिचे हात पाण्याच्या कडा दाखवत होते, आणि त्या कडा बरोबर होत्या. मी तिला दुरुस्त केलं नाही. मुलींना आइसक्रीम नेऊन दिलं. जेसिंता म्हणाली, कसली लाच देतोयस?

डोरिसला मी ओर्मी सांगणार आहे. ॲलेक्झांड्रिया पुसून नव्हे. जन्म कुठला ते रेला खाली बारीक अक्षरांत लिहू दे, ते गावही तुझंच होतं, आणि त्याबद्दल मी तुला एक प्रश्न विचारला नाही हे मला आता कायम टोचणार. पण जुझेच्या शेजारी, त्याच्याच उंचीच्या अक्षरांत, ओर्मी. रे म्हणेल, पुरावा काय? रे वकिलाकडे काम करतो, तो म्हणणारच. तर पुरावा आहे. तुला सांगायचा राहिला होता, कारण मला तो किरकोळ वाटला होता. आज नीट सांगतो, बाही धर.

दगड मधासारखा आहे, नन्ना, पण खालचा हातभर काळवंडलेला, गाड्यांच्या धुराने. गल्लीत दोन बायका बाजूबाजूने चालू शकतात, तिसरी आली तर एकीला भिंतीला टेकावं लागतं. दुपारचं ऊन डाव्या भिंतीवर. भट्टीच्या बाहेरच्या भिंतीला लागून एक दगडी बाक आहे. आत भट्टी चालू, म्हणून भिंत कोमट लागते. आम्ही पोचलो तेव्हा तिथे एक म्हातारी बसली होती, तुझ्याहून थोडी लहान, मांडीवर कागदात गुंडाळलेला पाव. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग तुमच्या भाषेत काहीतरी विचारलं, मला कळलं नाही, तेव्हा इंग्लिशमध्ये विचारलं. आमच्या गावात कुणीही अनोळखी दिसला की हेच विचारतात.

"कुणाचा रे तू?"

मी वसईचं नाव घेतलं नाही. टार्निटचंही नाही. का कोण जाणे, तोंडातून आलं, "जॉर्जेटचा."

"कुठली जॉर्जेट?"

"जुझेची बायको. मेलबर्नची."

"जुझे इथे दर दारामागे एक आहे," ती म्हणाली. थोडा वेळ आठवत राहिली. तुला ती ओळखत नव्हती, नन्ना, ओळखणार कुठून? पण तिने तुझं नाव त्या गल्लीत मोठ्याने म्हणून बघितलं. एकदा. मग पुन्हा एकदा, तुमच्या पद्धतीने, शेवट जरा लांबवून.

"जॉर्जेट. म्हणजे आमच्या सेंट जॉर्जची. मग आमचीच की."

आणि तिने पाव उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला, सरकून बसली, आणि शेजारचा दगड तळहाताने पुसला. आमची बस सुटत होती, म्हणून मी काही बसलो नाही.